इंदूरचा वसंत आणि इंदुरी खत

इंदूर शहराच्या वस्त्यांची नावे एकामागून एक घेतली, तर एखाद्या दरबारी माळ्याने लिहून ठेवलेली यादी वाचल्यासारखे वाटते. नवलखा, लालबाग, माणिकबाग, छत्रीबाग, रामबाग, केसरबाग, बक्षीबाग, नारायणबाग. यांतील बहुतेक ठिकाणी आता घरे, दुकाने आणि वाहनांची वर्दळ आहे. बाग नावापुरती उरली आहे. नवलखा हे नाव तेथील नऊ लक्ष वृक्षांवरून पडले, असे जुनी मंडळी सांगत आली. ही गणती कोणी केली, असा प्रश्न दंतकथेला विचारण्यात अर्थ नसतो. परंतु ज्या गावाने आपल्या वैभवाचा आकडा मोहरांत न सांगता झाडांत सांगितला, त्या गावाला बागेचे सुख चांगले परिचयाचे असले पाहिजे, एवढे अनुमान त्यावरून खचित काढता येते.

होळकरशाहीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी लढाया, तह, दत्तकविधान आणि गादीचे वाद यांचा परामर्श तपशिलाने घेतला आहे. बागांचा उल्लेख आला, तर तो राजवाड्याच्या वर्णनात, झुंबरे आणि गालिचे यांच्या पाठोपाठ. वस्तुतः वसंतातली बाग कोणाच्या वाट्याला आली आणि ती कोणाच्या श्रमाने व विद्येने फुलली, हा स्वतंत्र इतिहास आहे. त्याचे एक टोक राजवाड्याच्या फाटकापाशी आहे आणि दुसरे, ऐकणाऱ्यास नवल वाटेल, एका उकिरड्यापाशी.

माळव्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. ऐन उन्हाळ्यातही येथे सूर्यास्तानंतर वारा सुटतो आणि रात्र सुखाची होते. ‘शब-ए-मालवा’ ही ख्याती त्यामुळेच झाली. या पठारावर वसंताची चाहूल शेतातून लागते. माघाच्या उत्तरार्धात मंदसौर-नीमचकडील अफूची शेते पांढऱ्या फुलांनी भरून जातात, हरभऱ्याला घाटे धरतात, गव्हाच्या ओंब्या पिवळसर होऊ लागतात. फाल्गुनात पळस पेटतो. माळवी बोलीत त्याला खाकरा म्हणतात. त्याच्या फुलांचा काढलेला केशरी रंग हा रंगपंचमीचा जुना रंग, आणि रंगपंचमी हा इंदूरचा सर्वांत मोकळा सण. राजवाड्याच्या परिसरातून निघणाऱ्या गेरी पाहिल्या म्हणजे शिमग्याचा एक उपचार एवढ्यावरच येथील लोक थांबलेले नाहीत, हे ध्यानात येते. त्याच सुमारास आंब्याचा मोहोर गळून कणसाएवढ्या कैऱ्यांचे घोस दिसू लागतात आणि चैत्राच्या प्रारंभी कडुनिंबाच्या बारीक फुलांचा वास गल्लीबोळांत भरतो.

मराठी कुटुंबांनी या वसंताला आपले चैत्रगौरीचे हळदीकुंकू जोडले. आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे, मोगऱ्याची फुले आणि गौरीपुढची आरास ही पुण्या-साताऱ्याकडून आलेली रीत इंदुरात टिकली; पण तिच्या शेजारी दाल-बाफल्यांची पंगतही येऊन बसली. गोवऱ्यांच्या आरावर बाफले भाजण्यासाठी मोकळी जागा, सावली आणि विहीर लागते. अर्थात बाग लागते. कोणाच्या तरी ओळखीच्या बागेत आंब्याखाली चूल मांडून तुपात बुडविलेले बाफले खाणे, दुपारी तेथेच सतरंजीवर पडणे आणि उन्हे उतरल्यावर घरी परतणे, हा इंदूरच्या मराठी माणसाचा वसंतोत्सव. त्याला पोथीचा आधार नाही. पण आचरण मात्र नेमाने होत आले आहे.

हे सुख अल्पायुषी असते. माळव्याची काळी माती कापसाला आणि गव्हाला उदार, बागेला मात्र कठोर. पावसाळ्यात ती चिखल होऊन पाणी धरून बसते आणि मुळांना हवा मिळू देत नाही. चैत्र संपता संपता ती आक्रसून तिला हातभर खोल भेगा पडतात आणि त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात. अशा मातीवर बारमाही बाग राखावयाची, तर दोन गोष्टी लागतात: पाणी, आणि मातीला भुसभुशीत करणारे भरपूर कुजलेले खत. पाण्याची सोय पूर्वी मोटेने व पाटाने होत असे आणि विहिरीला पाणी असेतो भागत असे. खताची सोय अधिक अवघड होती, कारण माळव्यातील शेणाचा मोठा भाग गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जात होता. बाफले भाजणाऱ्यांना हे सांगणे कटू वाटेल, पण बागेचे अन्न त्या आरात जळत होते.

दिनांक ६ जानेवारी १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाले आणि शहराच्या पूर्वेस इंग्रजांची रेसिडेन्सी उभी राहिली. तेव्हापासून एका गावात दोन तऱ्हांच्या बागा आणि दोन वसंत नांदू लागले. वाड्यांच्या परसात तुळशीवृंदावन, जाई-जुई, सोनचाफा, प्राजक्त, कर्दळ, केळी आणि देवपूजेसाठी लागणारी दूर्वा-बेल. तेथील वसंत चैत्र-वैशाखात मोगऱ्याबरोबर येई. रेसिडेन्सीच्या बंगल्यांपुढे फ्लॉक्स, पॅन्झी, स्वीट पी, हॉलीहॉक आणि नॅस्टर्शियम यांचे वाफे असत. ही विलायती मौसमी फुले ऑक्टोबरात पेरली तर पौष-माघात बहरतात आणि होळीनंतरच्या उन्हात करपतात. म्हणजे इंग्रजांना आपल्या मायदेशीचा एप्रिल इंदुरात जानेवारीत साजरा करावा लागे, आणि येथला खरा वसंत सुरू होताच ते पडदे ओढून पंख्याखाली बसत. परमुलखात आपल्या घरचा ऋतू रुजविण्याचा तो खटाटोप काहीसा करुण होता, तरी त्यातून इंदूरच्या माळ्यांच्या हाती नवी रोपे आणि नवी कसबे आली, हे मान्य केले पाहिजे. रेसिडेन्सीच्या बाजूचा बिस्को पार्क स्वातंत्र्यानंतर नेहरू पार्क झाला.

या दोन्ही परंपरा लालबागेत एकत्र आल्या. खान नदीच्या काठी सुमारे अठ्ठावीस हेक्टर क्षेत्रात हा प्रासाद आणि त्याचे उद्यान उभे राहण्यास १८८६ ते १९२१ इतका काळ लागला. प्रासादात युरोपीय दरबारांचे अनुकरण आहे. फाटक तर लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर इंग्लंडमध्ये ओतवून जहाजाने मुंबईस आणि तेथून इंदुरास आणविले. उद्यानातील गुलाबांची एकेकाळी मोठी प्रशंसा होत असे. १९२६ साली गादी सोडल्यानंतरही तुकोजीराव होळकर (तिसरे) यांचे वास्तव्य १९७८ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, लालबागेशी निगडित राहिले. नंतर ही वास्तू शासनाकडे आली आणि ज्या फाटकातून पूर्वी निमंत्रितच आत जात, त्यातून सर्वसामान्य माणूस तिकीट काढून जाऊ लागला. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसिउस याच्याकडून माणिकबाग बांधवून घेतली. ती वास्तुशास्त्राच्या इतिहासात अधिक मोलाची. बागेच्या इतिहासात तिचे काम थोडे.

लालबागेचे बांधकाम चालू असतानाच इंदुरास एक असा पाहुणा आला, ज्याला राजाच्या बागेइतकेच कौतुक झोपडीपुढच्या कुंडीचे होते. पॅट्रिक गेडिस हा मूळचा स्कॉटलंडचा, पेशाने वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. माणसांच्या वसतीकडेही तो वनस्पतीच्या वाढीकडे पाहावे तसा पाहत असे आणि म्हणूनच नगररचनाकार म्हणून त्याची कीर्ती झाली. होळकर दरबाराने त्याला पाचारण केले आणि १९१८ साली त्याचा इंदूरविषयीचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. गल्लीबोळ हिंडून, नकाशा हाती घेऊन त्याने शहर पाहिले. त्या काळी नकाशा घेतलेला साहेब दिसला की घर पाडले जाणार, अशी लोकांची समजूत होती आणि शहरात प्लेगचे भय होते. त्यामुळे लोक त्याच्याकडे संशयाने पाहत.

हा संशय त्याने अनोख्या रीतीने दूर केला. दिवाळीच्या मिरवणुकीची व्यवस्था आपल्याकडे मागून घेऊन त्याने जाहीर केले की, यंदा मिरवणूक नेहमीच्या वाटेने न जाता, ज्या मोहल्ल्यातील घरे आणि रस्ते सर्वांत स्वच्छ असतील तेथून जाईल. शहर झाडून निघाले. मिरवणुकीत रोगराईचे राक्षस आणि उंदीर होते, स्वच्छ पोशाखात व गळ्यात हार घातलेले सफाई कामगार सन्मानाने चालत होते, आणि बागांचे रथ होते. त्यांवरून तुळशीची रोपे लोकांना वाटण्यात आली. परदेशी वनस्पतिशास्त्रज्ञाने शहराच्या आरोग्याचे प्रतीक म्हणून नेमकी तुळस निवडावी, यात त्याची लोकांविषयीची जाण दिसते. सफाई कामगाराला मिरवणुकीत हार घालून चालविणे हे त्या काळच्या इंदुरात सोपे नव्हते. राजवाड्याच्या झुंबरांपेक्षा ही गोष्ट शहराच्या इतिहासात ठळकपणे नोंदविण्याजोगी आहे.

अहवालात गेडिसने नदीकाठ मोकळे ठेवून तेथे उपवने करावीत, जुन्या बागा व जलाशय राखावेत, दाट वस्तीत थोडीच घरे काढून झाडासाठी व विहिरीसाठी अंगण मोकळे करावे, असे सुचविले. सांडपाण्याच्या व मैल्याच्या बाबतीत त्याचे मत त्या काळच्या अभियंत्यांना रुचणारे नव्हते. सर्व घाण नळांतून वाहवून नदीत सोडण्याच्या खर्चिक योजनेपेक्षा ती मातीला परत द्यावी आणि तिच्यावर बागा फुलवाव्यात, असा त्याचा आग्रह होता. हे ऐकून नाक मुरडणारे त्या वेळी पुष्कळ असतील. परंतु सहा वर्षांतच त्याच इंदुरात, वेगळ्या निमित्ताने आणि वेगळ्या माणसांकडून, या विचाराला शास्त्राचा पाया मिळू लागला.

१९२४ साली इंदुरात ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संस्था स्थापन झाली. मध्य हिंदुस्थानातील संस्थाने आणि इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी यांनी तिचा भार उचलला. होळकर दरबाराने सुमारे तीनशे एकर जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिली. संचालक होते आल्बर्ट हॉवर्ड. जन्म १८७३ चा, इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यातील शेतकरी कुटुंबातला. १९०५ पासून ते बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही त्याच तोलाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. पुसा येथील गव्हाच्या सुधारित जाती ही दोघांची संयुक्त कमाई. पुसा येथे प्रत्येक शाखा आपापल्या भिंतीआड काम करते, झाड मात्र एकच असते, हे हॉवर्ड यांना सलत असे. माती, पाणी, पीक, गुरे आणि मजूर यांचा एकत्र विचार करता येईल अशी जागा त्यांना हवी होती. ती इंदुरात मिळाली.

संस्थेचे घोषित कार्य कापसाचे. त्यासाठी प्रथम काळ्या मातीतून पावसाचे पाणी काढून देण्याची, शेताला योग्य उतार देण्याची व्यवस्था करण्यात आली. मजुरांना ठरावीक वेळेस वेतन, कामाचे मर्यादित तास आणि राहण्यास नीट जागा मिळेल, हे पाहिले गेले. ही गोष्ट त्या काळच्या शेतीखात्यात दुर्मीळ होती. मग प्रश्न आला खताचा. गोवऱ्यांसाठी जाणारे शेण परत आणणे शक्य नव्हते, आणि विलायती रासायनिक खत विकत घेण्याची गरीब शेतकऱ्याची ऐपत नव्हती. पण बांधावर, शेतात आणि बागेत वाया जाणारा काडीकचरा अपरंपार होता: पऱ्हाट्या, तुराट्या, उसाचे पाचट, तण, गळालेला पाला. त्याला अल्प शेणाची जोड देऊन त्याचे खत लवकर, खात्रीने आणि दुर्गंधीविना कसे करता येईल, हा संशोधनाचा विषय झाला. चीन-जपानमधील शेतकरी शतकानुशतके असे करीत आले होते, हे एफ. एच. किंग या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९११ च्या ग्रंथावरून विदित होते. इंदुरात त्याला नेमकी कृती मिळाली.

ती कृती येथे थोडक्यात देणे उचित होईल, कारण ज्या शहराच्या नावाने ती जगभर ओळखली जाते, तेथील रहिवाशांस ती क्वचितच ऐकावयास मिळते. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन फूट खोल, उतरत्या कडांचा खड्डा. पऱ्हाट्यांसारखी कठीण काटके प्रथम रस्त्यावर पसरावयाची, म्हणजे गाड्यांच्या चाकांखाली ती चेचली जातात. नंतर हा सारा कचरा गोठ्यात बैलांखाली अंथरावयाचा, जेणेकरून तो मूत्राने भिजेल आणि तुडविला जाईल. मग खड्ड्यात त्याचे थर, त्यांवर शेणकाला, गोठ्यातील मूत्राने मुरलेली माती आणि लाकडाची राख. आधीच्या खड्ड्यातील बुरशी धरलेले थोडे खत विरजणासारखे मिसळावयाचे. पाणी शिंपडावयाचे, पण चिखल होऊ द्यावयाचा नाही; कारण ओल आणि हवा यांचा मेळ बसला तरच कुजण्याची क्रिया नीट चालते. पंधरवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी असे तीनदा वरखाली करावयाचे. सुमारे नव्वद दिवसांनी काळे, भुसभुशीत, पावसात भिजलेल्या रानासारखा वास येणारे खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून जमिनीवर ढीग करावयाचा. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, अशी आपल्याकडे म्हण आहे; इंदूरच्या या उकिरड्याचा पांग तीन महिन्यांत फिटू लागला.

वरवर पाहता हे कोणाही जाणत्या कुणब्याचे काम वाटेल. त्यातील अवघड भाग डोळ्यांना न दिसणारा होता. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण किती असावे, खड्ड्यातील उष्णता कोणत्या दिवशी किती चढते व केव्हा उतरते, कोणत्या टप्प्यावर बुरशीचे काम संपून जंतूंचे सुरू होते, नत्र उडून जाते की राहते, हे रसायनशाळेत मोजून ठरवावे लागले. या संस्थेत रसायनशाखेचे मुख्य साहाय्यक होते यशवंत वाड. १९३१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याविषयीचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड या दोघांच्या नावावर आहे. साहेबाने ग्रंथ लिहावा आणि हाताखालच्या देशी माणसाचे आभार प्रस्तावनेच्या अखेरच्या ओळीत मानावेत, असा प्रघात असताना हॉवर्ड यांनी वाडांचे नाव आपल्या नावाबरोबर लेखक म्हणून छापले. हॉवर्ड यांच्या मनाचा मोठेपणा त्यातून दिसतो, आणि वाडांच्या कामाचे वजनही. स्वतः हॉवर्ड यांनी या पद्धतीला ना आपले नाव दिले, ना संस्थेचे. ज्या दरबाराने आणि ज्या गावाने आसरा दिला, त्या गावाचे दिले. जगात ती ‘इंदोर प्रोसेस’ म्हणून प्रसिद्ध झाली.

१९३० साली गॅब्रिएल यांचे निधन झाले आणि १९३१ मध्ये हॉवर्ड इंग्लंडला परतले. त्यानंतर या खताचा प्रवास मोठा विलक्षण आहे. पूर्व आफ्रिकेतील कॉफीच्या मळ्यांनी ते स्वीकारले, हिंदुस्थान व सिलोन येथील चहाच्या मळ्यांनी स्वीकारले. १९४० साली हॉवर्ड यांचा ‘अॅन अॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हा ग्रंथ आला. १९४२ मध्ये जे. आय. रोडेल यांनी अमेरिकेत सेंद्रिय शेती व बागकामाचे मासिक सुरू केले, त्यात हॉवर्ड यांचा प्रत्यक्ष सहभाग होता. लेडी ईव्ह बॅल्फोर यांनी १९४३ मध्ये ग्रंथ लिहिला आणि १९४६ मध्ये इंग्लंडात ‘सॉइल असोसिएशन’ स्थापन झाली. खेड्यातील घरामागची बाग हा इंग्रजांचा जिव्हाळ्याचा विषय. त्या बागेच्या कोपऱ्यात हिवाळाभर कुजत ठेवलेला पाल्याचा ढीग वसंतात वाफ्यांवर पसरताना तेथील माळी ज्या पद्धतीचे नाव घेऊ लागले, ती माळव्याच्या काळ्या मातीत जन्मलेली होती. ज्या रेसिडेन्सीने इंग्लंडचा वसंत इंदुरात रुजविण्याची धडपड केली, तिच्या शेजारच्या शेतावरून इंग्लंडच्या वसंताला खत पोचले, हा इतिहासाचा विनोद रसिकांनी अवश्य ध्यानी घ्यावा.

इकडे संस्थेचे कामही थांबले नव्हते. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदुरास आले, तेव्हा त्यांनी ही संस्था पाहिली आणि पुढे ‘हरिजन’मधून या खताचा पुरस्कार केला. पण त्याही आधी, १९३४ साली, गेडिसच्या अहवालाला पूरक ठरणारी गोष्ट घडून गेली होती. हॉवर्ड यांच्यानंतरचे संचालक एफ. के. जॅक्सन आणि यशवंत वाड यांनी मानवी वसतीतील घाणीची आरोग्यदृष्ट्या विल्हेवाट आणि शेतीसाठी तिचा उपयोग, या विषयावर पत्रिका प्रसिद्ध केली. प्रयोग इंदूर शहर, रेसिडेन्सी आणि मालवा भिल्ल पलटण अशा तीन ठिकाणी झाले. शहराचा केरकचरा आणि मैला इंदुरी पद्धतीने रचला, तर ढिगाच्या उष्णतेने माश्यांची पैदास आणि दुर्गंधी आटोक्यात राहते व उत्तम खत मिळते, असे त्यांतून दिसून आले. सोळा वर्षांपूर्वी गेडिसने जे तत्त्व म्हणून मांडले होते, त्याची नगरपालिकेला वापरता येईल अशी कृती वाडांनी व जॅक्सन यांनी सिद्ध करून ठेवली.

शहराने तो मार्ग दीर्घकाळ धरला नाही. १९३० च्या दशकात गंभीर नदीवर यशवंतसागर झाला, १९७८ साली नर्मदेचे पाणी इंदुरास आले, आणि विहिरींचे महत्त्व ओसरले. पाणी मुबलक आले तसे सांडपाणीही वाढले. खान आणि सरस्वती या नद्यांत ते सुटत राहिले आणि ज्या काठांवर गेडिसला उपवने दिसत होती, तेथून जाताना लोक नाकाला रुमाल लावू लागले. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या चित्रकला वर्गातील विद्यार्थी निसर्गचित्रे रंगविण्यास बाहेर पडत. नारायण श्रीधर बेंद्रे त्या तालमीत तयार झाले. त्यांच्या पिढीने पाहिलेला नदीकाठ पुढच्या पिढ्यांना चित्रातच भेटावा, अशी अवस्था आली. बागा तोडून वसाहती झाल्या, त्याचे दुःख पुष्कळांनी व्यक्त केले आहे. नदी नासली म्हणजे काठच्या उरलेल्या बागांचाही जीव जातो, याची खंत त्या मानाने उशिरा सुरू झाली.

अलीकडे चित्र पालटू लागले आहे, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. २०१७ पासून देशातील स्वच्छ शहरांच्या सर्वेक्षणात इंदूर सातत्याने अग्रस्थानी राहिले. ओला आणि सुका कचरा घराघरांतून वेगळा घेतला जाऊ लागला. २०२२ साली देवगुराडिया येथे ओल्या कचऱ्यापासून गॅस निर्माण करणारा, दररोज ५५० टन क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला; गॅस काढून घेतल्यावर उरणारा भाग खत म्हणून वापरता येतो. त्या प्रसंगी झालेल्या गौरवात यंत्रे आली, योजना आल्या. याच शहराने नव्वद वर्षांपूर्वी कचऱ्याचे काय करावे हे जगाला शिकविले होते, आणि शिकविणाऱ्यांत एक मराठी रसायनशास्त्रज्ञ होता, याची आठवण निघणे त्या वेळी अगदी स्वाभाविक झाले असते.

हॉवर्ड यांच्या संस्थेच्या जागेवर १९५९ पासून कृषी महाविद्यालय आहे. पूर्वी गावाबाहेर असलेली ती जमीन आता भर शहरात आली असून तिच्या चोहोबाजूंस इमारती उभ्या आहेत. फाल्गुनात तेथे आजही गहू-हरभऱ्याची प्रात्यक्षिक शेते पिकतात. हॉवर्ड यांना १९३४ साली ‘सर’ ही पदवी मिळाली. १९४७ साली ते निवर्तले. त्यांच्यावर ग्रंथ लिहिले गेले, आणि सेंद्रिय शेतीचे आद्य प्रवर्तक म्हणून त्यांचे नाव सर्वत्र घेतले जाते. पद्धत इंदूरची आणि कर्ता हॉवर्ड, एवढीच जोडी लोकांच्या तोंडी राहिली आणि दुसरे नाव गळत गेले. १९३१ च्या ग्रंथाच्या शीर्षपृष्ठावर मात्र ते जसेच्या तसे आहे: हॉवर्ड यांच्या नावाखाली यशवंत डी. वाड, आणि त्याखाली त्यांच्या पदाबरोबर छापलेले, इंदूर.